नोटीस दाराबाहेर, माणूस आत

प्रति,
मा. सदस्य सचिव, महाराष्ट्र राज्य विधी सेवा प्राधिकरण, मुंबई
आणि राज्यातल्या सर्व जिल्हा विधी सेवा प्राधिकरणांचे मा. सचिव यांस

विषय : घरकर्ज थकलेल्या अपंग घरमालकांना ताबा जाण्याआधी वकील मिळण्याबाबत

महोदय / महोदया,

स. न. वि. वि.

१२ फेब्रुवारी २०२४ ची दुपार. मी दुसऱ्या मजल्यावरच्या आमच्या वन बीएचके फ्लॅटमध्ये पलंगावर पडून होतो. दाराला बाहेरून कुणीतरी तळहात फिरवतंय असा आवाज आला. सोसायटीवाले पाण्याच्या टाकीच्या सफाईचा कागद चिकटवत असतील असं वाटलं. हाक मारली, उत्तर आलं नाही. पावलं जिन्यावरून खाली गेली. दार माझ्यापासून सात-आठ फुटांवर होतं, पण व्हीलचेअर पलीकडच्या भिंतीला होती आणि मला उचलून बसवायला घरात कुणी नव्हतं.

संध्याकाळी बायको कामावरून आली. तिने कागद वाचला, अलगद सोलून काढला आणि घडी घालून पिठाच्या डब्याखाली ठेवला. मला सांगितलं नऊ दिवसांनी. मी तिला दोष देत नाही. माझा बेडसोर नुकता भरत आला होता, ताप उतरला होता, चार दिवस जाऊ देत असं तिला वाटलं. तो कागद म्हणजे आमच्या घराच्या ताब्याची नोटीस होती. सरफेसी कायद्याच्या, म्हणजे कर्ज देणाऱ्याला कोर्टात न जाता तारण ताब्यात घेऊ देणाऱ्या कायद्याच्या, कलम १३(४) खाली घराचा प्रतीकात्मक, म्हणजे सध्या फक्त कागदावरचा, ताबा घेतला आहे, या मालमत्तेचा व्यवहार कुणी करू नये, असा मजकूर. वर्तमानपत्रातही तो छापून आला होता. माझ्या चुलत मामांनी तो वाचला आणि संकोचाने फोन केला नाही.

नऊ दिवसांची किंमत मला तेव्हा कळली नाही, तुम्हाला मात्र लगेच कळेल. ताब्याच्या कारवाईविरुद्ध कर्जवसुली न्यायाधिकरणात, म्हणजे सगळे ज्याला डीआरटी म्हणतात तिथे, अर्ज करायला ४५ दिवस असतात. त्यातले नऊ पिठाच्या डब्याखाली गेले.

पत्र उघडपणे लिहितो आहे, कारण आमच्यासारखे आणखी लोक आहेत आणि ते तुमच्या कार्यालयापर्यंत पोचत नाहीत. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात २९ लाखांवर अपंग माणसं मोजली गेली. त्यातल्या किती जणांच्या डोक्यावर घरकर्ज आहे हे कुणी मोजलेलं माझ्या पाहण्यात नाही. मी सरकारी कागदांवर दिव्यांग आहे. घरात आणि या पत्रात अपंग म्हणतो, त्याचा राग मानू नये.

थोडं मागचं सांगतो. मी एमआयडीसीत टर्नर होतो. २०१७ साली एका गृहवित्त कंपनीकडून १४ लाखांचं कर्ज काढलं, वीस वर्षांची मुदत, हप्ता साडेबारा हजार. डिसेंबर २०२१ मध्ये सेकंड शिफ्ट सुटल्यावर घरी येताना गाडीसमोर कुत्रं आडवं आलं. कमरेखालचं शरीर गेलं. समोर दुसरं वाहन नव्हतं, त्यामुळे अपघाताची भरपाई मागायची कुणाकडे? पगार ईएसआयच्या, म्हणजे कामगार विमा योजनेच्या, मर्यादेबाहेर होता, तोही रस्ता बंद. तरीही पुढचे सतरा हप्ते आम्ही भरले, हे मुद्दाम लिहितो. पीएफ काढला, बायकोच्या पाटल्या आधी गहाण पडल्या आणि मग विकल्या, मेव्हण्याने दोनदा पैसे दिले. जून २०२३ पासून हप्ते बाउन्स झाले. तीन महिने उलटले की खातं एनपीए, म्हणजे थकीत कर्ज, होतं. वसुलीवाल्यांचे फोन सुरू झाले, त्यांच्याबद्दल सगळ्यांनाच माहीत आहे, मी वेगळं काय लिहू.

नोव्हेंबरमध्ये पहिली नोटीस आली, साठ दिवसांत १३ लाख ४० हजार भरा म्हणून. मी पलंगावरून पाटीवर कागद ठेवून मराठीत पत्र लिहिलं : पाय गेले आहेत, कमाई बंद आहे, हप्ता निम्मा करा, मुदत वाढवा, घर घेऊ नका. रजिस्टर एडीने पाठवलं. पोचपावती आली, उत्तर आलं नाही. ती गुलाबी पावती मी एक्स-रेच्या पिशवीत टाकून दिली. ती पावती पुढे कामी येणार होती, पण हे सांगणारं माणूस भेटायला अजून चार महिने होते.

आता गरजूंना मोफत वकील देणाऱ्या तुमच्या कार्यालयाकडे येतो. जिल्ह्याचं नाव लिहीत नाही. एका कारकुनावर सगळं ढकलून मोकळं व्हायचा माझा विचार नाही. २३ फेब्रुवारीला बायको अर्धा दिवसाची रजा टाकून जिल्हा न्यायालयात गेली. मी गेलो नाही, कारण दुसऱ्या मजल्यावरून मला खाली आणायला चार माणसं लागतात आणि न्यायालयाच्या दाराशी पाच पायऱ्या आहेत. तिथे तिला सांगण्यात आलं की मोफत वकील पाहिजे असेल तर तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला आणा. ती तलाठ्याकडे गेली, सेतू केंद्रात गेली, पुन्हा तलाठ्याकडे गेली. दाखला हातात पडला ५ मार्चला. अकरा दिवस.

महोदय, विधी सेवा प्राधिकरण अधिनियम १९८७ चं कलम १२ मी आता पाठ म्हणू शकतो. त्यात अपंग व्यक्ती हा स्वतंत्र गट आहे. स्त्री हाही स्वतंत्र गट आहे. या दोन्ही गटांना उत्पन्नाची अट नाही. उत्पन्नाची मर्यादा आहे ती बाकीच्यांसाठी, त्याच कलमातल्या शेवटच्या उपखंडात. म्हणजे त्या दिवशी तुमच्या टेबलासमोर जी बाई उभी होती ती सहकर्जदार होती आणि स्त्री होती. तिचा नवरा अपंग होता आणि त्याचं यूडीआयडी कार्ड, म्हणजे अपंगत्वाचं सरकारी ओळखपत्र, तिच्या पर्समध्ये होतं. दोघांनाही वकील मिळण्याचा हक्क होता, तोही दाखल्याशिवाय. टेबलामागच्या भिंतीवर पात्रतेची यादी लावलेली होती असं ती सांगते. यादी बरोबर होती.

दाखला घेऊन ती परत गेली तेव्हा दुसरं उत्तर मिळालं : ‘हे डीआरटीचं काम आहे, आमच्याकडे होत नाही, मोठ्या शहरात वकील करा.’ हे उत्तर मला जास्त लागलं, कारण ते वाईट हेतूने दिलेलं नव्हतं. देणाऱ्याला खरंच तसं वाटत होतं. पण याच कायद्यात ‘न्यायालय’ या शब्दाच्या व्याख्येत न्यायाधिकरण येतं, आणि ‘विधी सेवा’ या शब्दात न्यायाधिकरणापुढचं काम येतं. नालसाच्या, म्हणजे राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाच्या, नियमांप्रमाणे त्यात वकील, कोर्ट फी, कागदपत्रांच्या नकला, भाषांतर हे सगळं धरलं जातं. म्हणजे रस्ता होता, फक्त आमच्या जिल्ह्यात त्यावरून कुणी चाललेलं नव्हतं.

शहरातल्या एका वकिलांना फोन केला. पन्नास हजार आणि प्रत्येक तारखेचा खर्च वेगळा. त्यांचं चूक नाही, तो त्यांचा धंदा आहे. गावातल्या एका ओळखीच्या वकिलांनी स्वस्तात उपाय सांगितला : इथेच दिवाणी कोर्टात दावा टाकू, स्टे घेऊ. पाच हजार द्या. आम्ही देणारच होतो. सरफेसीच्या कलम ३४ ने अशा बाबतीत दिवाणी कोर्टाचे दरवाजे बंद केले आहेत हे आम्हाला नंतर कळलं. गरीब माणसाचे ४५ दिवस इथेच संपतात : चुकीच्या दारात, स्वस्त सल्ल्यावर.

आमचं नशीब असं की वरच्या मजल्यावर लॉ करणारी एक मुलगी राहते. १०० नंबर जसा सगळ्यांना माहीत असतो तसा १५१०० हा नालसाचा नंबर तिला माहीत होता. तिने पलंगाशी बसून फोन लावला आणि नालसाच्या संकेतस्थळावर अर्जही भरला. त्यात कलम १२ चा उपखंड लिहिला, अपंगत्वाचं प्रमाणपत्र जोडलं आणि शेवटची तारीख २८ मार्च असं मोठ्या अक्षरात टाकलं. १८ मार्चला पॅनेलवरच्या, म्हणजे प्राधिकरणाच्या यादीतल्या, वकीलबाई नेमल्या गेल्या. ज्या कार्यालयातून आधी दोनदा नाही आलं होतं, तिथूनच. म्हणूनच म्हणतो, माणसं तीच होती. प्रश्न योग्य उपखंडासह विचारला की उत्तर बदलतं, आणि तो तसा विचारता येणं आमच्या नशिबावर सोडलेलं आहे.

वकीलबाई तरुण होत्या आणि डीआरटीचं त्यांचं ते पहिलंच काम होतं, हे त्यांनी आम्हाला पहिल्या पाच मिनिटांत सांगून टाकलं. त्या घरी आल्या. त्यांनी येणं बंधनकारक नव्हतं. पलंगाशेजारी प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून त्यांनी पिशवीतले सगळे कागद जमिनीवर मांडले आणि एक्स-रेमधून ती गुलाबी पोचपावती बाहेर पडली. ‘तुम्ही नोटिशीला लेखी उत्तर दिलं होतंत?’ हो म्हटलं. कर्जदाराने हरकत घेतली तर कंपनीने पंधरा दिवसांत उत्तर देऊन ती का मान्य नाही हे कळवलं पाहिजे, कलम १३(३ए). मी हरकत वगैरे घेतली नव्हती हो, मी विनंती केली होती. पण कायद्याच्या डोळ्यांना ती हरकत दिसत होती, आणि तिला उत्तर आलेलं नव्हतं.

नोटरीला घरी आणलं, त्याचे जास्तीचे पैसे आम्हीच दिले. डीआरटीची फी कर्जाच्या रकमेवर असते, दहा लाखांपर्यंत लाखाला पाचशे, त्यावर लाखाला अडीचशे. आमची सहा हजार झाली. ती प्राधिकरणाकडून मंजूर होऊन यायला वेळ लागला असता, म्हणून मेव्हण्याने भरली. धुळवडीची सुट्टी मध्ये आली. अर्ज दाखल झाला २६ मार्चला, त्रेचाळिसाव्या दिवशी. वकीलबाई एसटीने सव्वादोनशे किलोमीटर गेल्या आणि आल्या, आणि तिकिटाचे पैसे त्यांनी आमच्याकडून घेतले नाहीत. पॅनेलच्या वकिलाने पक्षकाराकडून पैसे घ्यायचे नसतात, तो नियम चांगलाच आहे. पण मग ते तिकीट कुणी काढायचं, हे तुमच्याकडे ठरलेलं असायला हवं.

महाराष्ट्रात जिल्हे ३६ आणि डीआरटी मुंबई, पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर अशा चारच शहरांत. बाकी सगळ्या जिल्ह्यांतल्या कर्जदाराला आपल्या घराची बाजू मांडायला परगावी जावं लागतं. धडधाकट माणसाचा त्यात एक दिवस आणि हजार रुपये जातात. मला रुग्णवाहिका लागते. पुढे सुनावणीला मी मोबाईलवरून हजर राहिलो, अंगावर इस्त्रीचा शर्ट आणि खाली चादर. पुढच्या तारखेपर्यंत प्रत्यक्ष ताबा घेऊ नये, एवढा आदेश मिळाला. एवढाच पुरेसा होता.

मधे राष्ट्रीय लोकअदालतीची नोटीस आली. तिथे बायको एकटी गेली, कारण ते कोर्ट नव्हे, समजुतीने मिटवायचं असतं, असं तिला वाटलं. कंपनीच्या माणसाने ओटीएस, म्हणजे ठरलेली रक्कम एकदम भरून कर्ज मिटवायची तडजोड, सुचवली : साडेअकरा लाख, तीस दिवसांत, एकरकमी. कागद तयार होता. तिने पेन हातात घेतलं होतं आणि तेवढ्यात तिला वाटलं, यांना विचारून घेऊ. मी वकीलबाईंना विचारलं. त्या जवळजवळ ओरडल्याच. लोकअदालतीचा निवाडा म्हणजे दिवाणी कोर्टाचा हुकूमनामा, त्यावर अपील नाही, कलम २१. तीस दिवसांत साडेअकरा लाख आणणार कुठून? नाही आणले की स्वतःच्या सहीने घर दिल्यासारखं. लोकअदालत चांगली गोष्ट आहे, तिथे माणसांची वर्षं वाचतात. पण एका बाजूला कंपनीचा वकील आणि दुसऱ्या बाजूला तीन रात्री न झोपलेली बाई, याला समजूत म्हणताना तुमच्या पॅनेल सदस्यांना काही तरी खटकायला हवं होतं.

एक विम्याचं सांगायचं राहिलं. कर्ज देताना कंपनीने एक पॉलिसी गळ्यात मारली होती, हप्ता कर्जातच मिळवून. वकीलबाईंनी ती आधी वाचली. फक्त मृत्यू. म्हणजे त्या रात्री मी मेलो असतो तर घर कर्जमुक्त होऊन बायकोच्या नावावर झालं असतं. जगलो म्हणून थकबाकीदार झालो. हा हिशेब मी रात्री कितीदा केला असेल, ते राहू दे. पण सिव्हिलच्या फिजिओथेरपीत माझ्या शेजारी जो माणूस असायचा, मणक्याचाच, त्याच्या पॉलिसीत गंभीर आजारांची यादी होती आणि त्यात दोन किंवा अधिक अवयवांचा कायमचा पक्षाघात होता. आजाराने असो वा दुखापतीने. दीड वर्ष तो हप्त्यांसाठी उसनवारी करत होता आणि पॉलिसी कपाटात होती. मी सांगितल्यावर त्याने दावा केला. उशीर झाला म्हणून विमा कंपनीने नाकारला, आता तो विमा लोकपालांकडे गेला आहे. तिथे फी लागत नाही, वकीलही लागत नाही. तुमच्याकडे कुणी अपंग घरकर्जदार आला तर पहिला प्रश्न उत्पन्नाचा विचारू नका, पॉलिसीचा विचारा.

आमचं घर वाचलं का? नाही. वाचवण्यात अर्थ नव्हता हे मला हळूहळू पटलं. बायकोच्या पगारात साडेबारा हजारांचा हप्ता बसत नव्हता, आणि लिफ्ट नसलेल्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर मी तसाही कैदीच होतो. पण कंपनीने लिलावात काढणं आणि आपण गिऱ्हाईक शोधून विकणं यात फरक असतो. कंपनीच्या व्हॅल्युएशनमध्ये फ्लॅट साडेअठरा लाखांचा होता. आम्ही विकला साडेचोवीस लाखांना. नोटीस लागल्यावर धनकोच्या लेखी संमतीशिवाय मालमत्ता विकता येत नाही, कलम १३(१३). ती संमती आणि दंडव्याजाची सूट वकीलबाईंनी डीआरटीतल्या अर्जाच्या जोरावर मिळवली. कर्ज फिटलं, मेव्हण्याचे पैसे फिटले, आणि हातात नऊ लाखांच्या आसपास राहिले. आता भाड्याने तळमजल्यावर राहतो. दारासमोर रस्ता आहे. भाजीवाला थेट खिडकीशी येतो.

त्या विक्रीच्या वेळची गोष्ट मला तुम्हाला विशेष सांगायची आहे. खरेदीखताच्या नोंदणीला मी दुय्यम निबंधक कार्यालयात कसा जाणार, याची मला धास्ती होती. वकीलबाई म्हणाल्या, जायचं नाही, अर्ज करू. नोंदणी अधिनियम १९०८, कलम ३८ : शारीरिक अशक्तपणामुळे ज्याला कार्यालयात येणं जोखमीचं किंवा फार गैरसोयीचं आहे त्याला येण्यापासून सूट, अधिकाऱ्याने त्याच्या घरी जावं किंवा कुणाला तरी पाठवावं. एके सकाळी कार्यालयातून दोघे जण यंत्र आणि कॅमेरा घेऊन आले, माझा अंगठा घेतला, फोटो काढला, चहा घेतला आणि गेले. इंग्रजांच्या काळातल्या कायद्याला हे सुचलं होतं की माणूस पलंगावर असू शकतो आणि तरी त्याला घर विकायचं असू शकतं.

घर विकायला सरकार पलंगापर्यंत येतं. घर राखायला का येत नाही?

तुमच्यावर तर हे कायद्यानेच सोपवलेलं आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ च्या कलम १२ मध्ये राष्ट्रीय आणि राज्य विधी सेवा प्राधिकरणांचा नावाने उल्लेख आहे : तुमच्या प्रत्येक योजनेचा आणि सेवेचा लाभ अपंगांना इतरांच्या बरोबरीने मिळावा यासाठी वाजवी सोयींसह तुम्ही तरतूद करायची आहे. माझ्यासारख्यासाठी वाजवी सोय म्हणजे काय? रॅम्प हवाच, पण मी रॅम्पपर्यंतही येऊ शकत नाही. अर्ज फोनवर घेतला जावा आणि वकील किंवा विधी स्वयंसेवक घरी यावा, ही माझी सोय. अंध माणसाला नोटीस वाचून दाखवणारा लागेल, कर्णबधिराला खुणांची भाषा जाणणारा दुभाषा. तुमच्याकडे गावोगाव विधी स्वयंसेवक आहेत, त्यांना शिबिरांच्या फोटोंतून थोडं मोकळं केलं तर हे अशक्य नाही.

दुसरी गोष्ट डीआरटीची. फौजदारी कामांसाठी तुम्ही आता अनेक जिल्ह्यांत पूर्णवेळ बचाव वकील नेमलेत, ते स्तुत्यच आहे. कर्जाच्या, घराच्या कामांना मात्र जुनं पॅनेलच आहे. प्रत्येक जिल्ह्याच्या पॅनेलवर डीआरटीचं काम येणारे दोन-तीन वकील असावेत, नसतील तर चार शहरांतल्या प्राधिकरणांनी तिथल्या वकिलांची यादी बाकी जिल्ह्यांना द्यावी. कागद इथे गोळा करायचे आणि ई-फायलिंग तिकडून करायचं, म्हणजे कुणाला एसटीत बसायलाच नको. आणि अशा अर्जावर ४५ दिवसांची शेवटची तारीख लाल शाईने लिहा. फी वेळेत मंजूर होत नसेल तर मोफत सेवेचा उपयोग ज्याच्याकडे मेव्हणा आहे त्यालाच होतो.

तिसरी गोष्ट तुमच्या एकट्याच्या हातातली नाही, पण सुरुवात तुम्ही करू शकता. प्रत्यक्ष ताब्यासाठी कंपन्या जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे कलम १४ खाली अर्ज करतात. सोबत नऊ मुद्द्यांचं प्रतिज्ञापत्र असतं : रक्कम किती, तारण काय, नोटीस दिली का, हरकतीला उत्तर दिलं का. नऊपैकी एकाही मुद्द्यात हा प्रश्न नाही की घरात कोण राहतं. आदेश निघतो, तहसीलदार किंवा मंडळ अधिकारी पोलीस घेऊन दारात येतात, आणि तेव्हा त्यांना पहिल्यांदा पलंग दिसतो. त्या मंडळ अधिकाऱ्याचीही दया येते मला. घरात अपंग माणूस असेल तर तुम्हाला आधी एक ओळ कळवावी, एवढी विनंती जिल्हा प्राधिकरणाने आपल्या जिल्हाधिकाऱ्यांना केली तर कोणत्या कायद्याचा भंग होईल असं मला वाटत नाही. कंपनीचं कर्ज बुडावं असंही मी म्हणत नाही. आम्ही फेडलंच आहे.

लोकअदालतीबद्दल वर लिहिलं आहे. विनावकील अपंग कर्जदाराची तडजोडीवर सही होण्याआधी पॅनेलवरच्या वकिलाने दहा मिनिटं त्याच्याशी बाजूला बोलावं. दहाच मिनिटं.

या पत्राला उत्तर द्यायचं तर घरी माणूस पाठवलात तरी चालेल, आता पायऱ्या नाहीत. वकीलबाईंचं नाव मी लिहिलेलं नाही, त्यांनीच नको म्हटलं. तुमच्या नोंदींत २०२४ च्या मार्चमधला डीआरटीचा एकच अर्ज सापडेल, त्यावरून शोधता येईल. त्यांच्या एसटी तिकिटांचं बिल अजून देणं आहे.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक माजी टर्नर, सध्या मुक्काम तळमजला

ता. क. : उत्पन्नाचा तो दाखला अजून फाइलमध्ये तसाच आहे. त्यानंतर तो आमच्याकडे कुणीच मागितला नाही.